पहिल्या पाण्याचं पातेलं

मी नऊ शहरांना पाण्यात पाहतो, असं माझी धाकटी बहीण म्हणायची. विनोद तिचा, पण खोटा नाही. आमचं राज्य किनाऱ्याचं. नऊपैकी पाच शहरं समुद्राला चिकटलेली, चार आत डोंगराकडे. या नऊ शहरांच्या नळांचं पाणी दर महिन्याला बाटल्यांतून आमच्या प्रयोगशाळेत येतं आणि वर्षाच्या शेवटी यादी लागते, पहिलं कोण आणि शेवटचं कोण. चोवीस वर्षं मी हेच करतोय. शहरांची नावं मला आता चटकन आठवतसुद्धा नाहीत. एक गढूळ, एक पिवळं, एक असं की बाटली उघडली तर पोहण्याच्या तलावावर उभं असल्यासारखं वाटावं. शेवटचा नंबर कायम खारट शहराचा. पहिला आमचा, सलग सहा वर्षं.

आमच्या पाण्याचा मला माज होता, सरळच सांगतो. डोंगरातल्या तळ्याचं मऊ पाणी, क्षार जवळजवळ नाहीतच. साबणाला भसाभसा फेस येतो, किटलीत पांढरा थर धरत नाही. शेजाऱ्याने घरात पाणी गाळायचं यंत्र बसवलं तेव्हा मी महिनाभर त्याच्याशी धड बोललो नव्हतो. नळाखाली ओंजळ धरून पाणी प्यावं, असं हे एकच शहर राज्यात उरलंय, हे मी भेटेल त्याला ऐकवायचो. लोक मला टाळत असत, आणि त्यांचं बरोबरच होतं.

धाकटी लग्न होऊन खारट शहरात गेली होती. नवरा बंदरातला गाळ काढणाऱ्या जहाजावर, दोन-दोन महिने घरी नाही. तिथल्या नळाची तऱ्हा वेगळी होती. सकाळी पाणी सुटलं की पहिली वीस मिनिटं धरणाचं गोडं पाणी यायचं. मग ते पुरेनासं व्हायचं, विहिरींचे पंप लागायचे, आणि नळातून अर्धा समुद्र यायला लागायचा. म्हणून गावातला प्रत्येक माणूस पाणी सुटायच्या आधीच भांडं घेऊन नळापाशी उभा. त्या पाण्याला तिथे पहिलं पाणी म्हणत. पहिलं पाणी प्यायचं, स्वयंपाकाचं आणि लहान मुलांचं. त्यानंतरचं पाणी फरशीला आणि कपड्यांना. पहिलं पाणी सांडलं म्हणून तिथे जावाजावा दोन दिवस अबोला धरत.

भाची झाली तेव्हापासून मी धाकटीच्या मागे लागलो. पोरगी वाऱ्यासारखी घरभर फिरायची, म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं होतं. तिला मीठ पाजतेयस, मी फोनवर म्हणायचो. खारट शहराचे आकडे मी तिला वाचून दाखवायचो, आमचे आकडे वाचून दाखवायचो. शेवटी भिंगरी अडीच वर्षांची असताना त्या दोघी आल्या. मीच जागा शोधली. प्रयोगशाळेपासून चालत दहा मिनिटांवर, जुन्या दगडी इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, उंच खिडक्या, जिन्याला लाकडी कठडा. नळ पितळी, जड, त्याची चावी फिरवताना गोड किर्र आवाज व्हायचा. मी नळ सोडला, पेला भरला आणि धाकटीच्या हातात दिला.

“पी. उकळायला नको, गाळायला नको. राज्यात एक नंबर.”

ती प्यायली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “दादा, याला चवच नाही रे,” ती म्हणाली. खारट शहरातून आलेल्या माणसाच्या तोंडी याहून मोठी स्तुती नसते. त्या दिवशी मला आकाश ठेंगणं झालं होतं.

आमच्या कामाचा पहिला नियम असा, की नमुना घेण्याआधी नळ पूर्ण सोडायचा आणि तीन मिनिटं पाणी वाहू द्यायचं. घरातल्या नळीत रात्रभर साचलेलं पाणी निघून जातं आणि रस्त्याखालच्या मोठ्या वाहिनीतलं, म्हणजे शहराचं खरं पाणी येतं. आम्हाला शहर तपासायचं असतं, कुणाच्या घरची नळी नाही. मग जंतू मरावेत म्हणून तोटीचं तोंड स्पिरिटच्या पेटत्या बोळ्याने जाळायचं, बाटली भरायची, बूच लावायचं, वेळ लिहायची. मी हे हजारो वेळा केलंय. झोपेत उठवलं तरी माझा हात आधी नळ सोडेल आणि मग घड्याळाकडे बघेल.

शहरातल्या बारा नमुना-जागांपैकी एक इमारत पाडली गेली, तेव्हा मी धाकटीचा नळ यादीत घातला. चहाची सोय, भाचीची भेट, आणि आपल्याच घरातून पहिला नंबर, असं तिहेरी सुख. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी सातला मी पेटी घेऊन जायचो. पहिल्याच मंगळवारी मी नळ सोडला आणि पाणी मोरीत धो-धो वाहताना बघून धाकटी किंचाळत आली.

“अरे, काय करतोयस? पहिलं पाणी फेकतोयस?”

तिने स्टीलचं मोठं पातेलं पुढे सरकवलं आणि ती धार झेलली. मी पोट धरून हसलो. म्हटलं, इथे दिवसभर सारखंच पाणी येतं, बाई, पहिलं काय आणि शेवटचं काय! ती हट्टी. ते पातेलं काठोकाठ भरलं, झाकण ठेवलं, ओट्याच्या कोपऱ्यात सरकवलं. “हे भिंगरीचं,” ती म्हणाली. रोज उठल्यावर ती पहिलं काम हेच करायची; माझ्या मंगळवारी मात्र मी येईपर्यंत थांबायची आणि मी नळ सोडला की पातेलं धरायची. तोंड धुवायच्या आधी, दिवा लावायच्या आधी पातेलं भरायचं. भिंगरीचं दूध, भिंगरीचा भात, भिंगरीच्या शाळेची बाटली, सगळं त्याच पातेल्यातलं. स्वतःसाठी ती दिवसभर नळाचं पाणी घ्यायची. आमचा ठरलेला विनोद झाला होता. मी जिना चढताना ओरडायचो, “पहिलं पाणी तुझं, दुसरं माझं!”

तीन वर्षं मी तो विनोद केला.

भिंगरी साडेतीन वर्षांची असताना माझ्या घड्याळाकडे बघत एकापासून शंभरापर्यंत आकडे म्हणायची. नळ सोडला की ती मोजायला लागायची, आणि शंभर झाले की पुन्हा ऐंशीपर्यंत, म्हणजे माझी तीन मिनिटं भरत. घड्याळाची मला गरजच नव्हती. मी प्रयोगशाळेत सांगायचो, माझी भाची पुढे माझ्या खुर्चीवर बसणार.

पुढच्या वर्षी ती कमी बोलायला लागली. पोट दुखतं म्हणायची, जेवण अर्धं टाकायची. पाचव्या वर्षी शाळेतल्या बाईंनी वहीत चिठ्ठी पाठवली, की मुलगी शिकवलेलं विसरते, लवकर चिडते, घरी लक्ष द्यावं. आम्ही लक्ष दिलं, म्हणजे एकमेकांवर ढकललं. धाकटी म्हणाली, बाप घरी नसतो म्हणून. बाप फोनवर म्हणाला, मामाने डोक्यावर बसवलीय म्हणून. मी म्हणालो, टीव्ही. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं आणि भुकेचं टॉनिक दिलं. डॉक्टर म्हणाले, पाणी भरपूर पाजा. धाकटीने पाजलं. तीही कामाला पक्की.

गेल्या हिवाळ्यातल्या एका मंगळवारी मी नेहमीसारखा गेलो. नमुना भरला, वेळ लिहायला टेबलाशी वाकलो. धातूंच्या तपासणीची एक जादा बाटली पेटीत होती. वळून बघतो तर भिंगरी स्टुलावर उभी, एका हातात वाटी, दुसऱ्या हातात ती बाटली. पातेल्यातलं पाणी वाटीवाटीने बाटलीत ओतून तिने बूच घट्ट लावलं.

“मामा, माझी पण तपास. माझ्या पाण्याला किती मार्क?”

एरवी मी बाटली वाया घालवली म्हणून कुणालाही झापलं असतं. पण पोरगी कित्येक दिवसांनी आपणहून काही मागत होती. मी बाटलीवर चिठ्ठी लावली, तिच्यावर ‘भिंगरी’ असं लिहिलं आणि पेटीत ठेवली. म्हटलं, शंभरपैकी शंभर मिळणार बघ.

बुधवारी यंत्रावर नमुने लावले. सगळ्यात शेवटी गंमत म्हणून तिची बाटली लावली. पातेल्याचं पाणी, त्यात काय असणार? शिशाची मर्यादा आमच्याकडे लिटरमागे दहा मायक्रोग्रॅम आहे. नळाच्या माझ्या नमुन्यात शिसं दोन आलं, दर महिन्याला येतं तसं. भिंगरीच्या बाटलीत चौऱ्याण्णव.

मी बाटली बदलली असेल म्हणून पुन्हा लावलं. त्र्याण्णव. यंत्र धुतलं, शुद्ध केलेलं कोरं पाणी लावलं, शून्य. तिची बाटली लावली, चौऱ्याण्णव. पातेलं स्टीलचं होतं, वाटी स्टीलची होती, त्यातून शिसं येत नाही. मी खुर्चीवर बसलो. एवढा शिकलेला माणूस, पण डोक्यात प्रकाश पडायला मला अर्धा तास लागला. खरं सांगायचं तर पाच मिनिटांत पडला होता. उरलेली पंचवीस मिनिटं मी दुसरं काही कारण सापडतंय का ते शोधत होतो.

गुरुवारी सकाळी सहाला मी धाकटीच्या दारात. नळाला हात लावू नकोस, एवढंच रात्री फोनवर सांगून ठेवलं होतं. “नवीन तपासणी आहे. मी सांगेपर्यंत पातेल्यातलं पाणी भिंगरीला देऊ नकोस,” मी म्हणालो. माझ्याच्याने जास्त बोलवेना. आयुष्यात पहिल्यांदा मी नळ सोडला आणि पाणी वाहू न देता पहिल्या धारेखाली बाटली धरली. माझा हात मला परक्याचा वाटत होता. प्रयोगशाळेत यंत्रावर एकशे अठरा आले.

एका ओळखीच्या प्लंबरला घेऊन मी जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात गेलो. भिंतीतून एक करडी, जाड, किंचित वाकडी नळी वर गेली होती. प्लंबरने खिशातला चाकू काढून तिच्यावर ओरखडा काढला. नळी लोण्यासारखी कापली गेली आणि आत चांदीसारखी चकचकीत निघाली.

“शिशाची आहे, साहेब. या रांगेतल्या सगळ्या इमारतींना हीच. जुन्या लोकांना आवडायची, वाकवायला सोपी म्हणून.” तो चाकू पुसत म्हणाला. “पाणी जड असलं की आतून खडूसारखा थर बसतो, मग चालून जातं. तुमचं पाणी पडलं मऊ. थर धरतच नाही, नळी खात बसतं.”

मी ज्याचा माज करत होतो, ते हे पाणी. रात्रभर नळीत बसून शिसं खायचं आणि सकाळी पहिल्या धारेला बाहेर यायचं. ज्याने नळ थोडा वेळ वाहू दिला, तोंड धुतलं, भांडी विसळली, त्याच्या वाट्याला ते फारसं येत नव्हतं. माझ्या वाट्याला तर कधीच आलं नव्हतं, कारण मी तीन मिनिटं थांबायचो. पूर्ण शहरात ते पाणी रोज न चुकता, शेवटच्या थेंबापर्यंत झेलणारी एकच बाई असेल. तिला तिच्या गावाने शिकवलं होतं, की पहिलं पाणी सगळ्यात चांगलं असतं. ते ती स्वतः पीत नव्हती.

त्याच दुपारी मी आमच्या मुख्य मॅडमसमोर दोन आकडे ठेवले. वर्षाची यादी तयार होती, दुसऱ्या दिवशी जाहीर व्हायची होती. मॅडम वाईट बाई नाहीत. त्यांनी चष्मा काढला, मला पाणी दिलं. मी प्यायलो नाही.

“घरच्या नळीचं पाणी आपल्या तुलनेत येत नाही,” त्या म्हणाल्या. “पहिल्या धारेवर यादी लावायची तर नऊच्या नऊ शहरं पुन्हा घ्यावी लागतील. आणि हा नमुना पद्धतीप्रमाणे नाही. तीन मिनिटं सोडलेला नाही.”

“पण लोक तीन मिनिटं सोडून पीत नाहीत, मॅडम.”

कपाटातून कार्यपद्धतीचं पुस्तक काढून त्यांनी माझ्यापुढे उघडलं. नमुन्याचं पान. कडेला सुधारणेची तारीख, अठरा वर्षांपूर्वीची, आणि खाली सही. आधी तिथे एवढंच होतं, की पाणी थोडा वेळ वाहू द्यावे. कुणी दहा सेकंद सोडायचं, कुणी मिनिटभर, आणि घराघराच्या नळ्यांमुळे आकडे वरखाली व्हायचे. तेव्हा एका तरुण, हुशार, नाक वर करून चालणाऱ्या रसायनतज्ज्ञाने मागे लागून ‘तीन मिनिटे’ घालून घेतलं होतं. सही माझी होती.

“तुमचं म्हणणं लिहून द्या,” मॅडम म्हणाल्या. “मी वर पाठवते.” मी तिथेच बसून लिहून दिलं. यादी शुक्रवारी लागली. आम्ही पहिले. खारट शहर नववं.

धाकटीला सांगायला मी शुक्रवारी संध्याकाळी गेलो. भिंगरी आतल्या खोलीत चित्र रंगवत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. नळी, आकडे, शिसं लहान मुलांच्या डोक्यावर काय करतं ते. धाकटी मला मध्ये थांबवेल असं वाटलं होतं. ती ओट्याला टेकून ऐकत राहिली.

“तू तीन मिनिटं पाणी का सोडायचास?” तिने विचारलं.

“नळीतलं पाणी नमुन्यात येऊ नये म्हणून.”

“ते चांगलं नसतं म्हणून?”

“ते शहराचं नसतं म्हणून.”

“पण चांगलं नसतं, हे माहीत होतं तुला.”

“जुन्या नळ्यांत असं होऊ शकतं, हे माहीत होतं. पुस्तकातलं. इथे आहे, हे नव्हतं माहीत.”

“इथे आहे का, हे तू बघितलं होतंस?”

मी मान हलवली. जागा मी शोधली होती. जिन्याखाली मी वाकलो नव्हतो.

“आणि मी ते पातेल्यात धरत होते, तेव्हा तू इथेच उभा होतास.” तिचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर मला बरं वाटलं असतं. “दर महिन्याला. माझ्या बाजूला. हसत होतास तू, दादा.”

तिने पातेलं उचललं, त्यातलं पाणी मोरीत ओतलं. मग ते साबणाने घासलं, विसळलं, पुन्हा घासलं. भसाभसा फेस येत होता. शेवटी तिने ते पालथं घातलं आणि पदराने हात पुसले. “आम्ही तिकडे मीठ पीत होतो,” ती म्हणाली. “पण ते जिभेला कळत तरी होतं.”

भिंगरीचं रक्त तपासलं. आकडा मी इथे लिहीत नाही. आयुष्यभर आकडे लिहिले, हा एक मला लिहवत नाही. नव्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की शिसं रक्तातून हळूहळू उतरेल, पोटदुखी थांबेल, मूल पुन्हा खेळायला लागेल. शिकण्याचं विचारलं तेव्हा ते म्हणाले, जे मागे पडलं ते सगळं भरून येईलच असं सांगता येत नाही, पण तुम्ही मेहनत सोडू नका. बाप जहाजावरून आला, चार दिवस राहिला, माझ्याशी एक शब्द बोलला नाही. गेला तेव्हा मला नमस्कार करून गेला, तेच जास्त लागलं.

नळी बदलायची तर रस्ता खणावा लागतो. घरमालक म्हणतो, पाणीपुरवठा खातं खणेल. खातं म्हणतं, भिंतीच्या आतलं घरमालकाचं. मी दोघांकडे खेपा घालतोय. संध्याकाळी त्या रांगेतल्या प्रत्येक दारावर जातो आणि सांगतो, की सकाळचं पहिलं पाणी पिऊ नका, मुलांना देऊ नका, नळ तीन मिनिटं वाहू द्या. काही जण दार उघडतात. एका म्हाताऱ्याने भिंतीवर चिकटवलेलं यादीचं कात्रण मला दाखवलं. “अहो, आपलं पाणी राज्यात पहिलं आहे,” तो म्हणाला. “तुम्हाला माहीत नाही का?”

धाकटीला दुसरी जागा मी शोधतोय, पण ती म्हणते, आता तू शोधू नकोस. ते बरोबर आहे. तोवर मी रोज सकाळी सातला जातो. पेटी नसते. पातेलं ओट्याच्या कोपऱ्यात पालथं असतं. मी नळ सोडतो आणि भिंगरी स्टुलावर बसून मोजते. हे डॉक्टरांनीच सुचवलं, तिला आवडतं ते करू द्या म्हणाले. ती मन लावून मोजते, एकेक आकडा बोटाने ओट्यावर टेकवत. छत्तीस, सदतीस, अडतीस. एकोणचाळीसपाशी तिचं बोट थांबतं. ती माझ्याकडे बघते. मी सांगत नाही, धाकटीने सांगायचं नाही म्हणून बजावलंय, तिचं तिला आठवू दे. ती भुवया आवळून थोडा वेळ बसते, मग पुन्हा एकापासून सुरू करते.

मी घड्याळाकडे बघत नाही. ती शंभरावर पोचेल तेव्हा नळ बंद करायचा, असं आमचं ठरलंय.